वीस तास तेवीस मिनिटे

४ मे १९९०, शुक्रवार. अजून बारा दिवस.

लॉस एंजेलिस. आर्सेनिओ हॉल यांच्या गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात जिम हेन्सन आले आहेत, हातावर केरमिट नावाचा हिरवा बेडूक. 'सेसमी स्ट्रीट'मधल्या बाहुल्या ज्यांनी घडवल्या आणि बोलत्या केल्या, ते हे हेन्सन. आपल्याकडच्या मुलांना हे कूळ २००६ पासून 'गल्ली गल्ली सिम सिम'मुळे माहीत झाले. हेन्सन यांचे वय ५३. मोठा आजार नाही. कामाचा उरक दांडगा, त्यात आपली संस्था डिस्ने कंपनीला विकण्याच्या वाटाघाटी चालू. घसा दुखतोय, थकल्यासारखं वाटतंय, एवढे ते आपल्या प्रसिद्धिप्रमुखांच्या कानावर घालतात. टीव्हीवरचे हे त्यांचे अखेरचे दर्शन.

दुखऱ्या घशावरून कुणी भाकीत करू शकत नाही, करूही नये. 'ए' गटाचा स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू शाळकरी मुलांच्या घशात सर्रास सापडतो. हजारो घसे दुखतात आणि आपोआप बरे होतात. त्यातला एखादाच जिवाणू खाली फुफ्फुसात उतरतो.

१३ मे, रविवार. सुमारे साठ तास.

आदल्या दिवशी हेन्सन मुलीसोबत नॉर्थ कॅरोलिनातल्या अहोस्की गावी वडिलांना आणि सावत्र आईला भेटायला गेले आहेत. रविवारी अंग मोडून आल्यासारखे झाले म्हणून तिथल्या एका डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी छाती तपासली. न्यूमोनियाचे चिन्ह नाही. ॲस्पिरिन घ्या, म्हणाले. हेन्सन ठरल्यापेक्षा आधीच्या विमानाने न्यूयॉर्कला परतले.

या डॉक्टरांना आज बोल लावणे फार सोपे आहे. मला ते पटत नाही. न्यूमोनिया आहे की नाही हे केवळ स्टेथोस्कोपच्या बळावर खात्रीने सांगता येत नाही. अनुभवी कानही दोन्हीकडे चुकतात, म्हणून तर एक्स-रे काढतात. शिवाय आज दुपारी छाती स्वच्छ ऐकू आली म्हणून उद्या रात्री ती तशीच राहील याची हमी कुठलीच तपासणी देत नाही. पण अशा वेळी रुग्णाला एक वाक्य सोबत द्यावे लागते: अमुक झाले तर अर्ध्या रात्रीही दवाखाना गाठा. आपल्याकडच्या ओपीडीत औषधाची चिठ्ठी मिळते, हे वाक्य क्वचितच मिळते.

१४ मे, सोमवारची संध्याकाळ. सुमारे तीस तास.

आजचे ध्वनिमुद्रण हेन्सन यांनी रद्द केले आहे. काम रद्द करणे हा त्यांचा स्वभाव नव्हे, तेव्हा घरच्यांसाठी ही खूणच होती. पत्नी जेन त्यांच्यापासून वेगळ्या राहतात, तरी बातमी कळताच आल्या आहेत. दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसतात.

याच तासांत शरीर आपला हिशेब उघडा करत असते. न्यूमोनियात फुफ्फुसाच्या हवेच्या इवल्या पिशव्या पू आणि पाण्याने भरतात. फुफ्फुस कडक होते, दर श्वासाला हवा कमी मिळते. शरीर त्यावर पहिला उपाय करते तो श्वास वाढवण्याचा. रक्तात आम्ल साचू लागले की तेही कर्बवायूच्या रूपाने बाहेर टाकायला श्वास आणखी वाढतो. ऑक्सिजनचा आकडा घसरायच्या किंवा रक्तदाब कोसळायच्या आधीच बऱ्याचदा हा वेग वाढलेला असतो. निरोगी प्रौढ माणूस बसल्याजागी मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. पंचवीस झाले की कान टवकारावेत. तीस झाले की निघावे.

आणि नेमकी हीच गोष्ट मोजली जात नाही. ताप मोजतात, नाडी मोजतात, हल्ली बोटाला ऑक्सिमीटर लावतात. वॉर्डातल्या तक्त्यांवर श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीने १८, २०, १८, २० असे आकडे दिसतात. इतके नियमित श्वास घेणारी माणसे एकाच वॉर्डात कशी जमतात, याचे मला नेहमी नवल वाटते. पूर्ण मिनिटभर उभे राहून छातीकडे बघायला वेळ कुणाला आहे?

वेळ होता तो गडचिरोलीत. त्याच १९९० सालच्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेतील सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ५८ गावांमध्ये आरोग्यसेवक आणि सुईणींना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि गावातच औषध द्यायला शिकवले; शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी भरले. ओळखायचे कसे, तर श्वास मोजून. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नसत त्यांच्यासाठी बंग यांनी पुढे एक साधन बनवले: मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. गंभीर न्यूमोनियाचा अंदाज बांधण्याच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात या लाल मण्याइतके नेटके काही मी पाहिलेले नाही. मॅनहॅटनमधल्या सुस्थितीतल्या घरात त्या संध्याकाळी असा मणी सरकवणारे कुणी नव्हते.

१५ मे, मंगळवार, पहाटेचे दोन. तेवीस तास एकवीस मिनिटे.

हेन्सन यांना श्वास घेणे जड जाते. खोकल्यातून रक्त पडते. आपण मरतोय की काय, असे ते जेनना म्हणूनही जातात. तरी रुग्णालयात जायला तयार नाहीत.

त्यांचे बालपण ख्रिश्चन सायन्स या पंथात गेले होते. प्रार्थनेने आजार बरे होतात असे मानणारा हा पंथ. त्यामुळे त्यांनी डॉक्टर टाळले, अशी कुजबुज नंतर झाली. पण १९७५ मध्येच त्यांनी आपण आता या पंथाचे अनुयायी नाही असे चर्चला पत्राने कळवले होते. जेन यांनीही दिरंगाईचा दोष पंथावर ठेवला नाही. कारण शोधायला इतके लांब जायची गरजच नाही. दुखणे अंगावर काढणारी माणसे आपण घरोघरी पाहतो. 'एवढ्या रात्री कशाला, सकाळी बघू', 'उगाच लोकांची झोपमोड'. कर्ती माणसे यात आघाडीवर, कारण त्यांचे शरीर तोवर कधी त्यांच्याविरुद्ध गेलेले नसते.

शरीराच्या आत या वेळी दोन गोष्टी एकदम चालू आहेत. तोच स्ट्रेप्टोकोकस जिवाणू फुफ्फुसाचे मांस खात पोकळ्या पाडतो आहे. शिवाय तो रक्तात विषे सोडतो आहे, आणि ही विषे प्रतिकारशक्तीच्या पेशींना एकाच वेळी, सरसकट पेटवून देतात. नेहमीच्या संसर्गात थोड्याच पेशी कामाला लागतात. इथे मोठी फौज एकदम उठते आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्या गळक्या करते. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडे थांबतात, रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते. स्ट्रेप्टोकोकसमुळे होणारा हा विषजन्य शॉक डेनिस स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी वीस रुग्णांच्या आधारे सविस्तर मांडला तो जुलै १९८९ मध्ये, म्हणजे या पहाटेच्या जेमतेम दहा महिने आधी. त्या रुग्णांतही आधी धडधाकट असलेली माणसे होती.

पहाटेचे चार. एकवीस तास एकवीस मिनिटे.

हेन्सन कबूल होतात. टॅक्सी बोलावली जाते.

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे. वीस तास तेवीस मिनिटे.

न्यूयॉर्क हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. इथे घटनाक्रम जरा थांबवतो, कारण आज अशा दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या हाती जे कागद असतात, ते १९९० मध्ये नव्हते. ते असते तर काय झाले असते?

पहिला कागद १९९७ चा. मायकेल फाइन आणि सहकाऱ्यांनी १४,१९९ रुग्णांच्या नोंदींवरून न्यूमोनियाच्या तीव्रतेचा निर्देशांक तयार केला आणि पुढे ३८ हजारांवर नोंदींवर तो पडताळून पाहिला. वीस बाबी, त्यांचे गुण, पाच वर्ग. यात पुरुषाचे वय म्हणजेच त्याचे गुण. ५३ वर्षांच्या, जुना आजार नसलेल्या माणसाला ५३. मिनिटाला तीसच्या वर श्वास असतील तर आणखी २०. नाडी १२५ च्या वर गेली तर आणखी १०. झाले ८३. हा तिसरा वर्ग, म्हणजे फार तर थोडा वेळ देखरेखीखाली ठेवा. आता ८५ वर्षांचे आजोबा घ्या. हृदय जुने कमजोर, पण आज श्वास, नाडी, रक्तदाब सगळे ठीक. त्यांचे गुण ९५, वर्ग चौथा, दाखल करा. धापा टाकणारा त्रेपन्न वर्षांचा माणूस कागदावर आजोबांपेक्षा सुरक्षित ठरतो.

दुसरा कागद ब्रिटनमधला, २००३ चा, १,०६८ रुग्णांवर आधारलेला. पाचच प्रश्न: गोंधळलेपणा, रक्तातला युरिया, तीस किंवा अधिक श्वास, उतरलेला रक्तदाब, वय ६५ वा जास्त. लक्षात ठेवायला सोपा म्हणून आपल्याकडेही निवासी डॉक्टर हाच वापरतात. नुसती धाप लागलेल्या ५३ वर्षांच्या माणसाला यात एक गुण. ज्यांना शून्य किंवा एक गुण होता त्या गटात मृत्यूचे प्रमाण दीड टक्का निघाले होते, म्हणून शिफारस अशी की घरी उपचार करता येतील.

हे कागद वाईट नाहीत. त्यांनी अनेकांचे विनाकारण दाखल होणे टाळले आहे. पण त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा होता: पुढच्या तीस दिवसांत कोण मरेल? म्हातारी, आधीच जर्जर माणसे जास्त मरतात, म्हणून वयाला एवढे वजन. अतिदक्षता विभाग कुणाला लागेल, हा निराळाच प्रश्न आहे. नव्वदीच्या आजींचा मृत्यू व्हेंटिलेटर न लावताही होतो, बऱ्याचदा घरच्यांच्या संमतीने. आणि चाळिशीतला तरुण व्हेंटिलेटरवर आठवडा काढून घरी चालत जातो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले की घात होतो, आणि तो बहुधा तुलनेने तरुण रुग्णाचा होतो.

दुसरा प्रश्न सरळ विचारला तो ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी. २००८ चा त्यांचा 'स्मार्ट-कॉप' ८८२ प्रसंगांवर आधारलेला आहे. कुणाला श्वासासाठी यंत्राची किंवा रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांची गरज पडेल, एवढेच तो सांगतो. त्यातून वय हा स्वतंत्र गुण गायब. उलट पन्नाशीच्या आतल्यांसाठी श्वासाचा उंबरठा तीसवरून पंचवीसवर आणला, कारण तरुण शरीर शेवटपर्यंत उसने अवसान आणून उभे राहते. रक्तदाब, ऑक्सिजन आणि रक्तातली आम्लता यांना दोन-दोन गुण. एकाहून अधिक कप्प्यांत पसरलेला न्यूमोनिया, रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन, श्वास, नाडी, गोंधळलेपणा यांना एकेक. तीन गुण झाले की सावध. तीन किंवा अधिक गुणांच्या जाळ्यात, नंतर यंत्र वा औषधे लागलेल्यांपैकी ९२ टक्के सापडले. आता त्याच त्रेपन्न वर्षांच्या माणसाचा ऑक्सिजनही घटलेला आणि आजार दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला धरा: धाप एक, नाडी एक, ऑक्सिजन दोन, पसरलेला आजार एक. पाच गुण. अशा तीनांतल्या एकाला ही मदत लागते.

उरलेले आठ टक्के मात्र या कागदावरही सुटतात. कारण कुठलाही गुणतक्ता भरला जातो तो एका क्षणी.

सकाळचे आठ. सतरा तास एकवीस मिनिटे.

हेन्सन यांना आता स्वतःच्या बळावर श्वास घेता येत नाही. अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांत गळवे दिसतात.

अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय संस्थांनी २००७ मध्ये गंभीर न्यूमोनियाचे जे निकष ठरवले, त्यांत व्हेंटिलेटर लागणे हा एक 'मोठा' निकष आहे, शॉकसाठी औषधे लागणे हा दुसरा. तो निकष पूर्ण झाला की भाकीत कसले, ती तर नोंद. खरे काम नऊ छोट्या निकषांचे. त्यांतले कोणतेही तीन जमले की रुग्ण गंभीर समजायचा. श्वास तीस वा अधिक, गोंधळ, पसरलेला आजार हे ओळखीचेच. पण यादीत पांढऱ्या पेशी चार हजारांच्या खाली जाणे आणि अंग छत्तीस अंशांखाली गार पडणे हेही आहे. ताप उतरला म्हणून घरचे देवापुढे साखर ठेवतात तेव्हा कधीकधी शरीराने लढणे सोडलेले असते.

आधी साध्या वॉर्डात ठेवून एक-दोन दिवसांनी धावपळ करत आयसीयूत हलवलेले रुग्ण, थेट आयसीयूत गेलेल्यांपेक्षा जास्त दगावतात. हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कुणाला धोका जास्त हे ओळखण्याचे काम यंत्राकडे सोपवावे, असे १९९० च्या दशकातच पिट्सबर्गच्या संशोधकांना वाटले. फाइन यांच्याच प्रकल्पातल्या १४,१९९ रुग्णांच्या नोंदी संगणकाला दिल्या. संगणकाने एक विलक्षण नियम काढला: न्यूमोनियाच्या रुग्णाला दमा असेल तर त्याच्या मृत्यूचा धोका कमी! नोंदींपुरते हे खरेच होते. दम्याचे रुग्ण आले की डॉक्टर त्यांना तडक आयसीयूत टाकत, म्हणून ते वाचत. संगणकाचे ऐकून त्यांना घरी पाठवले असते तर मेले असते. म्हणून त्या प्रयोगातल्या संगणकीय पद्धतींत सर्वांत अचूक ठरलेले न्यूरल नेटवर्क रुग्णांवर वापरले गेले नाही. आत असे आणखी किती नियम दडले असतील हे कुणाला दिसत नव्हते. संगणकशास्त्रज्ञ रिच कॅरुआना यांनी २०१५ मध्ये हा किस्सा सविस्तर लिहिला. आज रुग्णालयांना 'एआय' विकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा दम्याचा प्रश्न विचारेन.

दुपार ते रात्र.

वेगवेगळी अँटिबायोटिक मोठ्या मात्रेत चालू आहेत. गंमत म्हणजे (हा शब्द इथे क्रूर आहे) हा जिवाणू पेनिसिलिनला आजतागायत दाद देतो. त्याने पेनिसिलिनविरुद्ध प्रतिकार कमावलेला नाही. पण पेनिसिलिन वाढणाऱ्या जिवाणूला मारते. जिवाणूंची दाटी पराकोटीला गेली की त्यांची वाढ मंदावते आणि औषध बोथट होते. आणि सुटलेले विष तर पेनिसिलिन थांबवत नाहीच. म्हणून आज सोबत क्लिंडामायसिन देतात. ते विषाची निर्मितीच रोखते. हेन्सन यांच्या शरीरातले बहुतेक जिवाणू त्या दिवशी औषधांनी मेले. तोवर अवयव निकामी होत चालले होते.

१६ मे, बुधवार, मध्यरात्रीनंतर एक वाजून एकवीस मिनिटे.

जिम हेन्सन यांचा मृत्यू. काही तास आधी आले असते तर वाचण्याची शक्यता होती, असे उपचार करणाऱ्यांकडून नंतर सांगण्यात आले. २१ मे रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये स्मरणसभा झाली. कुणी काळे कपडे घालू नयेत ही त्यांची इच्छा पाळली गेली.

माझे मत विचाराल तर त्या साठ तासांत कुठलाही एक आकडा हेन्सन यांना वाचवू शकला नसता. रविवारी दुपारी सगळेच कागद कोरे निघाले असते. सोमवारी संध्याकाळी, मध्यरात्री आणि पहाटे दोन वाजता घेतलेले तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले असते, तर कदाचित. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वॉर्डावॉर्डांत वापरला जाणारा 'न्यूज' हा तक्ता हेच करतो: तेच मोजमाप पुन्हा पुन्हा, आणि वाढ दिसली की वरिष्ठांना बोलवा. कोविडच्या काळात आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाने घरच्या घरी सहा मिनिटे चालून आधी आणि नंतर ऑक्सिजन बघायला सांगितले, त्यामागेही हाच विचार होता.

तेव्हा घरात ताप-खोकल्याचे माणूस असेल तर वही आणि सेकंदकाटा उशाशी ठेवा. त्याला न सांगता, तो पडलेला असताना, छातीची हालचाल पूर्ण साठ सेकंद मोजा. सांगितले की माणूस श्वास बदलतो. दर चार तासांनी मोजा, वेळेसकट लिहा. प्रौढ माणसाचा आकडा पंचवीसच्या पुढे चढू लागला, तो असंबद्ध बोलू लागला, ओठ-नखे निळसर दिसली, लघवी कमी झाली किंवा कफात रक्त आले, तर वय न बघता निघा. दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ, वर्षाच्या आतल्याला पन्नास आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला चाळीस, हे उंबरठे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत. आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर ती वही आधी डॉक्टरांच्या हातात द्या.